आतड्याचा पंचनामा

पासंगरावांचा जगात कुणावरच विश्वास नव्हता, आणि त्या मंगळवारी त्या भल्यामोठ्या यादीत त्यांच्या स्वतःच्या आतड्याचीही भर पडली.

पासंगराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव दोनच ठिकाणी सापडायचं, पगारपत्रकावर आणि बायको फारच संतापली तर तिच्या तोंडी. वजनमापे खात्यात ते निरीक्षक होते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका दुकानात त्यांनी तराजू उलटा केला आणि पारड्याखाली चिकटवलेलं, चघळून टाकलेलं च्युइंगम शोधून काढलं. माल तोलताना चार दाणे वाचावेत म्हणून असा जो तुकडा गुपचूप चिकटवतात, त्याला म्हणतात पासंग. त्या च्युइंगमवर निरीक्षकसाहेबांनी दुकानदाराला सव्वा तास व्याख्यान दिलं. गिऱ्हाइकं निघून गेली, शेजारचं दुकान बंद झालं, दुकानदाराने तिसऱ्यांदा माफी मागितली, तरी हे आपले च्युइंगम चिमटीत धरून उभे. त्या दिवसापासून अख्खी पेठ त्यांना पासंगराव म्हणू लागली. तोंडावर साहेब, पाठीमागे पासंगराव. त्यांना ते ठाऊक होतं. कारण पाठीमागे काय चालतं याचाच तर त्यांना पगार मिळायचा.

संशय हा त्यांचा धंदा होता, आणि धंदा घरी आणू नये असं त्यांना कुणी कधी शिकवलंच नव्हतं. दुधाची पिशवी आली की आधी काट्यावर. वाढदिवसाचा केक आधी काट्यावर, मग मेणबत्त्या. एवढंच कशाला, मुलगी जन्मली तेव्हा परिचारिका हसत म्हणाली, "अभिनंदन! तीन किलो दोनशे!" तर हे म्हणाले, "आधी काटा शून्यावर दाखवा." ती मुलगी आता नववीत होती आणि ही गोष्ट तिने शाळेत इतक्या वेळा सांगितली होती की तिच्या वर्गातल्या मुलीसुद्धा डब्यातल्या पोळीचा तुकडा वाटून घेताना ओरडायच्या, "आधी काटा शून्यावर!"

तर अशा माणसाच्या पोटात कळा यायला लागल्या. साध्यासुध्या नव्हेत. दिवसातून आठ-दहा वेळा धावत सुटायला लावणाऱ्या. महिनाभर त्यांनी हॉटेलवाल्यावर संशय घेतला, मग पाण्याच्या टाकीवर, मग सासूबाईंनी पाठवलेल्या लोणच्यावर. शेवटी त्या मंगळवारी बायकोने हाताला धरून दवाखान्यात नेलं. तिथे दुर्बिणीने तपासणी झाली. (या तपासणीचं वर्णन त्यांनी कुणालाही केलं नाही आणि आपणही करायचं कारण नाही. माणसाला अब्रू असते.) डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या, आणि म्हणूनच पासंगरावांना जरा संशयास्पद वाटल्या.

"मोठ्या आतड्याला सूज आहे," त्या म्हणाल्या.

"कुणामुळे?" पासंगरावांनी वही उघडली.

"कुणामुळे असं नाही हो. कधीकधी शरीराचीच संरक्षण करणारी फौज चुकून आपल्याच आतड्यावर उलटते."

पासंगरावांनी बायकोकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिलं. म्हणजे आतलाच माणूस फितूर! त्यांचा वीस वर्षांचा अनुभव हेच सांगत होता.

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. या गोळ्या, दिवसातून तीनदा, जेवणाबरोबर, आठ आठवडे. बरं वाटलं तरी आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. सूज आहे तोवर कच्चं, बियांचं, जळजळीत जरा दूर ठेवायचं. मऊ भात, पिकलेलं केळं, शिजवलेल्या भाज्या. काय खाल्लं आणि काय झालं ते रोज वहीत लिहायचं. "हळद, आलं, बडीशेप, जेवणात असतं तेवढं खुशाल घ्या. पण कुणी काढा नाहीतर रस सुचवला तर आधी मला विचारा. झाडापासून आलेलं सगळंच पोटाला झेपतं असं नाही." मग आठ आठवड्यांनी विष्ठेची तपासणी. सुजेचा आकडा आत्ता सहाशे होता, तो पन्नासाच्या आत यायला हवा.

"आकडा" हा शब्द ऐकून पासंगरावांना पहिल्यांदाच जरा धीर आला.

पण तो धीर फक्त ऑफिसपर्यंत टिकला. साहेबांनी कागदपत्रं पाहिली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. साहेब असं करायचे तेव्हा कुणाचं तरी टेबल हलायचं.

"पेठेतली फिरती, उन्हातान्हाचं काम, आणि तुम्हाला हा असा... धावपळीचा आजार," साहेब म्हणाले. "आठ आठवड्यांत तंदुरुस्तीचा दाखला आणा. नाही आणलात तर गोदाम."

गोदाम! जप्त केलेले खोटे तराजू, पोकळ वजनं आणि बुडाला मेण लावलेली मापं ज्या अंधाऱ्या खोलीत ठेवतात, ती खोली. तिथे दिवसभर बसायचं, आणि पेठ जायची दाढीवाल्याकडे. दाढीवाला म्हणजे खात्यातला दुसरा निरीक्षक. गोड बोलायचा, तपासणीला जाण्याआधी दुकानदारांना फोन करून "येऊ का?" विचारायचा. पासंगरावांच्या मते हा माणूस म्हणजे खात्याच्या पारड्याखालचं च्युइंगम होतं. पेठ त्याच्या हाती जाण्यापेक्षा आतडं फुटलेलं परवडलं, असं ते म्हणाले. बायको म्हणाली, "काहीतरीच काय बोलता!" आणि गोळ्यांची डबी ताटाशेजारी ठेवली.

पहिले दोन आठवडे गोळ्या नेमाने पोटात गेल्या. पण आजार ही अशी गोष्ट आहे की ती एकट्या माणसाला होत नाही, सगळ्या इमारतीला होते. सगळ्यांत आधी खालच्या मजल्यावरून मोठ्या बाई आल्या. या निवृत्त मुख्याध्यापिका. अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यालाही त्या अरे-तुरेच करायच्या.

"गोळ्या कसल्या गिळतोस रे?" बाई म्हणाल्या. "कोरफड! माझ्या कुंडीतली. रोज सकाळी पेलाभर रस. सालीसकट वाटायचा, सगळा गुण सालीत असतो. माझ्या भाच्याच्या साडूला पंधरा दिवसांत उभा केला."

"त्यांना काय झालं होतं?" पासंगरावांनी वही काढली.

"ते मला नक्की माहीत नाही. पण उभा राहिला."

ऑफिसातले टंकलेखक म्हणजे गाजरपंथी. त्यांच्या खणात फायलींच्या वर गाजरं असायची आणि ते बोलायला लागले की शब्दाशब्दाला कुरुम कुरुम असा आवाज यायचा. "अन्न शिजवलं की मेलं," ते म्हणाले, कुरुम. "मेलेलं अन्न आतड्यात सडतं." कुरुम. "कोबी, मुळा, काकडी, सगळं कच्चं. सूज काय, सुजेचा बापसुद्धा राहणार नाही." न्हाव्याने दाढी करता करता, वस्तरा गळ्यावर असताना, आल्याचा काढा सुचवला, अशा वेळी माणूस नाही म्हणत नाही. सासूबाईंनी फोनवरून हळद आणि मध सांगितलं आणि पुढे जोडलं, "आणि माझ्या लोणच्याला उगाच बदनाम करू नका."

पासंगरावांचा यातल्या एकाही माणसावर विश्वास नव्हता. पण गंमत अशी की ज्याचा कुणावरच विश्वास नसतो, त्याला डॉक्टर आणि न्हावी यांच्यातला फरकही दिसत नाही. सगळे संशयित एकाच रांगेत! त्यांनी वहीत प्रत्येकाला एकेक पान दिलं आणि कोरफड, काढा, हळद, मध, कोबी, मुळा, सगळ्यांची एकाच वेळी चौकशी सुरू केली.

"बाबा, असं नाही चालत," कन्या म्हणाली. तिला विज्ञानात नुकतेच सर्वांत जास्त गुण मिळाले होते आणि ती घरात त्या गुणांसकट वावरत होती. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार कसं?"

"वीस वर्षं तपासण्या करतोय मी," पासंगराव म्हणाले. "काल आलेली तू!"

"काल नाही, चौदा वर्षांपूर्वी. तीन किलो दोनशे."

आता इथे एक नाजूक गोष्ट सांगायला हवी. फिरतीवर असताना मध्येच कळ आली तर करायचं काय? पासंगरावांचं एक ब्रीद होतं, व्यापाऱ्याचा पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. आज घोट, उद्या चहा, परवा डोळेझाक! पण कळ तत्त्व ओळखत नाही. पहिल्याच आठवड्यात फळवाल्याच्या दुकानासमोर ते मधोमध थबकले, चेहरा पांढराफटक. फळवाल्याने एक शब्दही न विचारता मागच्या संडासाची किल्ली पुढे केली. पासंगराव अर्धा क्षण ब्रीदाशी झगडले. मग धावले.

बाहेर आल्यावर त्यांनी नोंदवहीत लिहिलं : "फळांच्या दुकानातील शौचालयाचा वापर, सात मिनिटे. व्यापाऱ्याकडून अन्य कोणताही लाभ घेतला नाही."

"राहू द्या साहेब किल्ली तुमच्याकडेच," फळवाला गोड हसून म्हणाला. "माझ्याकडे दुसरी आहे."

पासंगरावांना ते हसू अजिबात आवडलं नाही. या माणसाचा काटा तपासायचा त्यांच्या मनात कधीपासून होतं. पण ज्याच्या संडासाची किल्ली आपल्या खिशात आहे, त्याचा काटा कुठल्या तोंडाने तपासायचा? तपासणी पुढे ढकलली. दिवसातून तीन-तीनदा ते त्या दुकानात धावत शिरत आणि मान खाली घालून बाहेर पडत.

पण खरं सांगायचं तर दोन आठवड्यांत त्यांना बरं वाटायला लागलं होतं. दहाचे पाच झाले होते. बायको म्हणाली गोळ्यांमुळे. मोठ्या बाई म्हणाल्या कोरफडीमुळे. गाजरपंथी नुसतेच कुरुम कुरुम हसले. आणि नेमका याच वेळी पासंगरावांच्या डोक्यात तो विचार आला.

गोळ्यांच्या पाकिटावर छापलं होतं, चारशे मिलिग्रॅम. छापलेल्या वजनावर विश्वास ठेवून मुकाट गिळत बसायला ते काय गिऱ्हाईक होते? खात्याच्या प्रयोगशाळेत काचेच्या पेटीतला एक तराजू होता. इतका नाजूक की त्याच्याशेजारी कुणी सुस्कारा टाकला तरी आकडा हलायचा. पासंगरावांनी श्वास रोखला, चिमट्याने गोळी ठेवली, दार लावलं.

पाचशे एकाहत्तर.

त्यांनी पुसून पुन्हा ठेवली. पाचशे एकाहत्तर. दुसरी गोळी, पाचशे एकोणसत्तर. तिसरी, पाचशे बहात्तर.

पासंगराव खुर्चीत बसले. कमी भरली असती तर नवल नव्हतं; कमी देणारे त्यांनी पायलीचे पन्नास पाहिले होते. पण जास्त? आजवरच्या नोकरीत एकाही माणसाने कुणालाही एक दाणा जास्त दिलेला त्यांनी पाहिला नव्हता. जो कमी देतो तो साधा चोर. पण जो जास्त देतो, त्याच्या मनात काय आहे? ही वरची एकशे एकाहत्तर मिलिग्रॅम कसली आहे? आणि ती माझ्या पोटात कशाला?

त्याच दिवशी गोळ्या बंद झाल्या. तोललेल्या तिन्ही त्यांनी पाकिटात घालून लाखेने मोहरबंद केल्या, वर "पुरावा" असं लिहिलं आणि कपाटात हिवाळी मोज्यांखाली ठेवल्या. घरात कळू नये म्हणून रोज तिन्ही वेळा ताटाशेजारच्या डबीतून एक गोळी उचलायची, पाण्याचा घोट घ्यायचा, आणि गोळी खिशात. ज्या माणसाने आयुष्यभर हातचलाखी पकडली, त्याला हातचलाखी किती सहज येते पाहा!

मग मैदानात उरली कोरफड, कोबी आणि काढा. आणि त्यांनी जे मैदान मारलं म्हणता! सालीसकट वाटलेल्या कोरफडीने पोटाला पळता भुई थोडी केली. कच्च्या मुळ्याने त्यात भर घातली. पाचाचे आठ झाले, आठाचे बारा. पासंगराव गळ्याची हाडं मोजता येतील इतके वाळले.

"गुण यायच्या आधी त्रास वाढतोच," मोठ्या बाई म्हणाल्या. "घाण बाहेर पडतेय रे. पेला दीड कर."

"शरीर शुद्ध होतंय," गाजरपंथी म्हणाले. कुरुम.

"अहो, गोळ्या घेताय ना नीट?" बायकोने विचारलं. तिची नजर त्यांच्या खिशावर होती, की त्यांना तसं वाटलं? पासंगरावांना आता बायकोचाच संशय यायला लागला, की हिला संशय आलाय.

आठवा आठवडा उजाडला. तपासणीसाठी नमुना न्यायची वेळ आली. आता हा नमुना म्हणजे पासंगरावांच्या नोकरीचा फैसला. वाटेत कुणी बदलला तर? प्रयोगशाळेत दुसऱ्याच्या डबीत मिसळला तर? दाढीवाल्याची मावसबहीण तिथे कामाला नसेल कशावरून? त्यांनी धोका पत्करला नाही. डबीच्या झाकणावरून तार फिरवली, तारेला शिशाचं सील दाबलं, वर खात्याची चिठ्ठी डकवली, तारीख, वेळ, सही.

प्रयोगशाळेच्या खिडकीतल्या बाईंनी डबी हातात घेतली, फिरवली, चिठ्ठी वाचली आणि डबी परत ठेवली.

"हे मी उघडणार नाही."

"का?"

"तुम्हीच लिहिलंय. 'शासकीय मोहोर. अनधिकृत व्यक्तीने तोडल्यास कारवाई होईल.' मला दोन मुलं आहेत."

"अहो, मीच तो अधिकारी. मी परवानगी देतो, तोडा."

"तोंडी नाही चालणार. उद्या तुम्हीच म्हणाल, हिने तोडलं."

हे उत्तर इतकं बरोबर होतं की पासंगरावांना बाईंविषयी आदर वाटला. पण आदराने सील तुटत नाही. नियमाप्रमाणे सील तोडायचं तर अधिकाऱ्याने, दोन पंचांसमोर, पंचनामा करून. नियम त्यांनीच नव्या भरतीला अनेकदा शिकवला होता. त्यांनी मागे वळून रांगेकडे पाहिलं. रांगेत साखर तपासायला आलेले एक आजोबा होते. आणि त्यांच्यामागे, पिशवी छातीशी धरून, साक्षात मोठ्या बाई.

"मी होते की पंच!" बाई उत्साहाने पुढे आल्या. "आण तो कागद. नुसती सही करणारी मी नव्हे, आधी वाचणार."

आणि मग ज्या आवाजात त्यांनी तीस वर्षं प्रार्थनेनंतर सूचना वाचल्या होत्या, त्याच खणखणीत आवाजात, भरलेल्या प्रतीक्षागृहात, मोठ्या बाई वाचू लागल्या : "'आम्ही खाली सही करणार पंच लिहून देतो की, आमच्यासमोर उघडलेल्या पांढऱ्या डबीत निरीक्षकसाहेबांच्या मालकीचा, तपकिरी रंगाचा, अंदाजे दोन चमचे...' अरे, अंदाजे काय? तू वजनमापांचा माणूस ना? आणि इथे परिच्छेद पाड."

आजोबांनी खोकला काढून हसू झाकलं. एका लहान मुलीने आईला मोठ्याने विचारलं, "काय गं आहे त्या डबीत?" पासंगरावांनी परिच्छेद पाडला. त्या क्षणी गोदामातला अंधार त्यांना पहिल्यांदाच हवाहवासा वाटला.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला. बायको आणि कन्या बाजूला बसल्या होत्या.

"नऊशे चाळीस. सूज उलट वाढलीय. गोळ्या घेताय ना?"

 मग पासंगरावांनी पिशवीतून मोहरबंद पाकीट काढून टेबलावर ठेवलं. वरचा "पुरावा" हा शब्द वाचून बायकोचे ओठ घट्ट मिटले.

"मला तुम्हालाच काही विचारायचंय," ते करारीपणाने म्हणाले. "पाकिटावर चारशे लिहिलंय. गोळी भरते पाचशे एकाहत्तर. वरचं वजन कशाचं?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, ही त्यांची माणुसकी. "चारशे हे औषधाचं वजन. औषध नुसतं गिळलं तर ते वरच्या वर पोटात विरघळून जातं. खालपर्यंत, सूज आहे तिथे पोचावं म्हणून त्याला बाहेरून जाड आवरण लागतं, आत धरून ठेवायला इतर भुकटी लागते. ते सगळं धरून पाचशे सत्तर. आत औषध बरोबर चारशे."

पासंगरावांनी वही मिटली. पण कन्या गप्प बसणारी नव्हती.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "मिठाईवाल्यांवर तुम्ही खटले भरता ना, ते कशासाठी?"

उत्तर साऱ्या पेठेला पाठ होतं. मिठाईवाले खोक्यासकट मिठाई तोलतात म्हणून. निव्वळ वजन वेगळं, वेष्टनासकट ढोबळ वजन वेगळं, हे पासंगरावांनी दोनशे दुकानांत ओरडून सांगितलं होतं. आणि स्वतः? स्वतः खोक्यासकट तोललं होतं! तेही काचेच्या पेटीत, श्वास रोखून!

"आणि ती कोरफड," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सालीतला पिवळा चीक जुलाबाचं औषध म्हणून वापरायचे लोक. तुमच्या दुखऱ्या आतड्याला तुम्ही रोज पेलाभर जुलाब देत होतात. कच्चा मुळा वरून. काही लोकांना काही पदार्थांनी आराम पडतो, नाही असं नाही. पण ते गोळीच्या जोडीला, गोळीच्या जागी नाही. आता जर आपण पुन्हा नीट सुरुवात केली नाही, तर मला तुम्हाला दवाखान्यात ठेवावं लागेल."

परतताना बायको सगळा रस्ता दोन पावलं पुढे चालत राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. घरी पोचल्यावर तिने कपाट उघडलं, हिवाळी मोजे जागेवर लावले आणि पाठमोरीच म्हणाली, "रोज मी बघत होते. तुम्ही पाणी प्यायचात, गळा हलायचा. मला वाटायचं, गोळ्या घेऊनसुद्धा वाळताहेत, म्हणजे आता काही उरलं नाही. आठ-आठ दिवस डोळ्याला डोळा नाही माझ्या. तुमच्या वहीत माझ्यासाठी एखादं पान असेल तर तेवढं लिहून ठेवा."

पासंगरावांनी वही काढली. ती बाजूला ठेवली. मग त्यांनी खात्याचा छापील तपासणी अहवाल घेतला आणि भरला. आरोपी : स्वतः. गुन्हा : वेष्टनासह वजन करणे व घरच्या माणसास फसवणे. शिक्षा : दिवसातून तीन गोळ्या, आठ आठवडे, पत्नीसमक्ष. तो त्यांनी बायकोपुढे धरला.

तिने वाचला. "तोंड उघडून दाखवायचं, प्रत्येक वेळी," ती म्हणाली, आणि खाली सही केली. संशय घेण्याचा हक्क त्या घरात पहिल्यांदाच हस्तांतरित झाला.

साहेबांनी चष्मा पुसला. "गोदाम. आणखी आठ आठवडे देतो. आकडा उतरला तर पेठ तुमची, नाहीतर दाढीवाल्याची, कायमची."

तर मग आठ आठवडे पासंगराव खोट्या तराजूंच्या सहवासात बसले. मऊ भात, केळं, शिजवलेला भोपळा, आणि गोळी. रोज तीनदा बायकोपुढे आ. कन्येने भिंतीवर तक्ता लावला आणि एका वेळी एकच पदार्थ वाढवायची परवानगी दिली. बडीशेप चालली. आलं थोडं चाललं. सासूबाईंचं लोणचं तपासणीत नापास झालं, पण ते कळवायची हिंमत घरात कुणाची नव्हती. मोठ्या बाई कुंडी घेऊन आल्या तेव्हा बायको दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, झाड सुंदर आहे. गॅलरीत ठेवते." बाराचे चार झाले, चाराचे दोन.

दुसऱ्या नमुन्याच्या दिवशी पासंगरावांनी डबीला नुसतं झाकण लावलं. तार नाही, शिसं नाही, सही नाही. रस्त्याने जाताना त्यांना उघड्या अंगाने चालल्यासारखं वाटत होतं.

खिडकीतल्या बाईंनी डबी फिरवून फिरवून पाहिली. "सील कुठाय?"

"विश्वासावर आणलीय," पासंगराव अभिमानाने म्हणाले.

"विश्वासावर? मग ही तुमचीच कशावरून?" बाईंनी भिंतीकडे बोट केलं. तिथे नवी पाटी होती : नमुना दोन साक्षीदारांच्या सहीनेच स्वीकारला जाईल. "तुमच्यापासूनच सुरू केलं. आमच्या मोठ्या साहेबांना फार आवडली पद्धत."

शेवटी बायकोने आणि कन्येने सह्या केल्या. कन्येने सहीपुढे "काटा शून्यावर पाहिला" असं लिहिलं.

आकडा आला सेहेचाळीस.

दाखला मिळाला, पेठ मिळाली. मोठ्या बाईंनी जिन्यात सगळ्यांना सांगितलं की गॅलरीतल्या कोरफडीची नुसती हवासुद्धा लागू पडते. पहिल्याच सकाळी पासंगराव थेट फळवाल्याकडे गेले. आधी त्यांनी किल्ली परत केली, रीतसर पोच घेऊन. मग पेटीतून प्रमाणित वजनं काढली आणि काट्यावर ठेवली.

किलोला किलो. अर्ध्याला अर्धा. एक ग्रॅम इकडेतिकडे नाही. पारडं उलटं केलं; स्वच्छ, पुसलेलं.

पासंगरावांना हे अजिबात पटलं नाही. "एवढा बरोबर कसा?"

"काय सांगू साहेब," फळवाला उसासा टाकून म्हणाला. "तुम्ही आजारी होतात ना, ते दोन महिने दिवसातून तीन-तीनदा तुम्ही धावत दुकानात शिरायचात. कधी कुणाच्या दुकानात शिराल नेम नाही. सगळी पेठ धास्तावली. आतल्या खोलीत जाताना तुमची नजर कुठे पडेल म्हणून प्रत्येकाने काटा सरळ करून ठेवला. तुमच्या आजारपणात ही पेठ जेवढी प्रामाणिक होती तेवढी माझ्या आज्याच्या काळातही नव्हती. मग ते दाढीवाले साहेब आले. फोन करून यायचे. तुम्ही परत येताय हे मात्र फोनाशिवायच कळलं." त्याने फडकं खांद्यावर टाकलं. "आता तब्येत कशी आहे साहेब? अगदी ठणठणीत?"

"ठणठणीत," पासंगराव म्हणाले.

"वा, वा! देव पावला. म्हणजे आता पहिल्यासारखं ते धावतपळत येणं नाही?"

"नाही."

"छान, छान," फळवाला म्हणाला, आणि तेच हसू हसला.

पासंगरावांनी पेटी बंद केली, निरोप घेतला आणि सावकाश चालत कोपऱ्यापर्यंत गेले. कोपऱ्यावर ते थांबले. क्षणभर विचार केला. मग त्यांनी दोन्ही हातांनी पोट धरलं, चेहरा वेडावाकडा केला आणि वाऱ्यासारखे मागे धावत सुटले. थेट दुकानात शिरले.

फळवाल्याचा हात पारड्याखाली होता, आणि गालात च्युइंगम.